चांदीचा फ्यूज

आत्याबाई,

तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. तुमचं माहेर गुलबर्ग्याकडचं, तुमची अक्षरं कानडी, आणि तुमचं मराठीसुद्धा असं की सोलापूरहून सून होऊन आलेल्या मला सुरुवातीला ते अर्धंच कळायचं. तरी आज तुम्हालाच लिहायला बसले आहे. ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे ती आपल्या दोघींखेरीज कुणालाच माहीत नव्हती, आणि दोघींपैकी आता मी एकटीच उरले आहे. घाबरू नका, रडगाणं गाणार नाही. तुमच्या हाताखाली वाढलेल्या सुनेला ते नीट जमतही नाही. उलट सकाळपासून मी एकटीच हसते आहे, आणि घरातले माझ्याकडे जरा काळजीने बघताहेत.

तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, पण म्हाताऱ्या माणसाला गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. निजामाचं राज्य, वर लढाईचे दिवस. घासलेट मिळेनासं झालेलं. आपल्या गावात कापसाची जिन होती, तिच्या इंजिनावर मालकाने डायनामो बसवला होता आणि सरकी-रुई करून उरलेली वीज गावातल्या मोजक्या घरांना खांबांवरून दिली होती. मालक मामंजींचे दोस्त, म्हणून आपल्या भुसार दुकानाला आणि मागच्या घराला वीज मिळाली. दिव्यांचे चार गोळे लागले. एक दुकानात, एक माजघरात, एक देवघरात आणि एक तुमच्या चुलीपाशी. नळदुर्गच्या, अणदूरच्या पाहुण्यांना मामंजी जेवण झाल्यावर मुद्दाम देवघरात नेऊन खटका दाबून दाखवायचे. पाहुणे हात जोडायचे, ते देवाला की गोळ्याला हे कधी कळलं नाही.

आणि मी आले ती इस्त्री घेऊन. सोलापुरात आमच्या घरी वीज होती. वडिलांनी हौसेने विजेची इस्त्री माझ्या रुखवतात मांडली होती. लाडू, करंज्या, काचेचे मोर, आणि मधोमध ती चकचकीत इस्त्री. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायाने पेटाऱ्यात हात घालून ती बाहेर काढली आणि विचारलं, "ये क्या, जहाज है?" वडील म्हणाले, "हां साहेब, कपड्यांवर चालतं." शिपाई इतका हसला की बाकीचा पेटारा त्याने उघडलाच नाही. मी घुंगटातून बघत होते. वाटलं, चला, शकुन चांगला झाला.

कसला चांगला! पहिल्याच आठवड्यात, दिवेलागणीला वीज आली तेव्हा मी चुलीपाशी गोळा काढून त्या जागी इस्त्रीचा पिन लावला आणि तुमच्या मुलाचा सदरा पसरला. घडी मोडते न मोडते तोच घरातले सगळे दिवे गेले. देवघरातलाही गेला, आणि मामंजी तेव्हा लिंगपूजेला बसले होते. जिनमधून मिस्त्री आला, माजघराच्या भिंतीवरच्या काळ्या लाकडी पेटीतून त्याने चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला, त्यातली जळालेली बारीक तार फेकून नवी गुंडाळली आणि दिवे आले. चार दिवसांनी पुन्हा तेच. नंतर एकदा तर मी नुसती दुधाचं भांडं घेऊन देवघरात पाऊल टाकलं आणि दिवे गेले. त्या दिवशी दोष जिनकडच्या तारेचा होता, पण ते ऐकायला कोण बसलंय? माजघरात काकी होत्या. मामंजींच्या धाकट्या भावाची बायको, कोवळ्या वयात विधवा होऊन या घरात राहिलेल्या; सगळं घर त्यांना काकीच म्हणायचं. त्यांनी माळ थांबवली आणि म्हणाल्या, "पोरीचा पाय पांढरा दिसायलाय."

हा शब्द घरात पडला की तो केराबरोबर बाहेर जात नाही. धान्य घ्यायला आलेल्या बायका माझ्या पायांकडे बघायला लागल्या. त्याच सुमारास आपल्या वन्संचं लग्न ठरलं. लातूरकडची तालेवार मंडळी, गोरज मुहूर्त, आणि मामंजींनी व्याह्यांना सांगून टाकलेलं की आमच्या दारी विजेच्या उजेडात अक्षता पडतील. एके दिवशी जेवायला बसल्यावर मामंजींनी ताटाकडे बघतच विषय काढला. "लगीन हुईस्तवर सूनबाईला सोलापूरला धाडू. अक्षता पडल्या की आणू माघारी." माहेरी जायला कुठली सून नाही म्हणेल? पण नणंदेच्या लग्नाला घरची एकुलती एक सून नसणं म्हणजे काय ते आख्ख्या गावाला कळलं असतं, आणि तो डाग घेऊन मी परत कुठल्या तोंडाने आले असते? शिवाय परत आणतीलच याची तरी काय खात्री? मी वाढत होते. भाकरी ताटात पडायच्या ऐवजी पाटाशेजारी पडली. तुमचा मुलगा काहीतरी बोलेल म्हणून मी बघितलं, तर तो आमटीत तोंड घालून बसला होता. चांगला माणूस होता, पण वडिलांपुढे त्याची बोलती बंद.

बोललात तुम्ही. पदर खोचून, पळी हातातच धरून. "तागडी खोटी हाय का माप खोटं हाय, हे बगायचं असंल तर तुमी काय करताव?"

मामंजींना व्यापाराचा प्रश्न विचारला की ते तंबाखू चोळतानासुद्धा उत्तर द्यायचे. "पारडी बदलायची. ह्या पारड्यातलं माप त्या पारड्यात."

"मंग आदी पारडी बदलून बगू. त्याच्या अगुदर माजी सून कुटंबी जाणार न्हाय."

दुसऱ्या दिवशीची दुपार मी अजून जशीच्या तशी बघते आहे. जिनचा हंगाम आहे, दिवसाही इंजिनाची धडधड गावभर ऐकू येते, म्हणजे तारेत वीज आहे. पुरुषमाणसं दुकानात. तुम्ही मला अंगणात पिटाळलं आहे. "गोठ्यापाशी जाऊन बस. हाक मारल्याबिगर उंबऱ्यात पाय ठिवू नको." काकी साक्षीदार म्हणून देवघराच्या दारात. तुम्ही बाकीचे तीन दिवे लावून, पाटावर चढून चुलीपाशचा गोळा काढता आहात आणि स्वतःच्या हाताने इस्त्रीचा पिन बसवता आहात. मी गाईजवळ उभी राहून घराच्या दाराकडे टक लावून बघते आहे, आणि आज खरं सांगते, आत्याबाई, मी देवाला सांगत होते, दिवे जाऊ देत, मी आत नसताना जाऊ देत. मलाही वाटायला लागलं होतं की पाय माझाच पांढरा असेल. सतरा वर्षांच्या पोरीला सगळे जण एकच गोष्ट सांगायला लागले तर ती तरी किती दिवस नाही म्हणेल? आणि मग आतून तुमची आरोळी आली, "यव्वा! उडाला! उडाला गं!" मुलगा झाल्याची बातमी यावी तशी. गाईसुद्धा दचकली. मी तिथेच खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, हसले, काय केलं ते मलाच माहीत नाही.

तार तुम्ही बसवलीत हे गावात कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पण मिस्त्री आपल्याकडे येऊन येऊन कंटाळला होता. "अम्मा, रोज रोज कायकू बुलाते? इत्ता तो काम है, तुमीच कर लेव," म्हणत त्याने तारेची एक गुंडाळी तुमच्या हातात देऊन ठेवली होती. घरात त्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. तुम्ही आधी जिनमधून आलेल्या तारेचा मोठा खटका खाली ओढला, पेटीतून फ्यूज उपसला, दोन पितळी पट्ट्यांमधली जळकी टोकं काढली आणि नवी तार ताणून स्क्रूखाली पिळली. जास्तीची तार दाताने तोडलीत. मग मला आत बोलावलंत, सगळे दिवे लावलेत आणि घरभर फिरवलंत. दुकानाच्या दारापर्यंत जा, देवघरात जा, चुलीपाशी बस, आता नाच. मी खरंच एक गिरकी घेतली. एकही दिवा हलला नाही.

तेवढ्यात काकी उठल्या. "मला लावू दे बगू ती इस्त्री." तुम्ही त्यांना पाटावर चढवलंत. पिन बसला, आणि माजघर पुन्हा काळवंडलं. काकी पाटावरच थिजल्या. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की हा पांढऱ्या पायाचा शब्द त्यांनी मला दिला खरा, पण त्याआधी कधीतरी तो कुणीतरी त्यांना दिलेला होता. तुम्हालाही ते कळलं असणार. तुम्ही त्यांचा हात धरून खाली उतरवलंत. "तुमचाबी पाय न्हाय, तिचाबी पाय न्हाय. तार हाय ती, काकी. तिला पेलना झालं की ती जातीया." काकींनी भिंतीवरच्या पेटीकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "आणिक एकदा लावू का?" त्या दुपारी मिस्त्रीची निम्मी गुंडाळी आपण तिघींनी जाळली. काकींना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. समोरचे दोन दात पडलेले होते, तेही तेव्हाच कळलं.

त्या दुपारी आपण जे शिकलो ते मला पुढे मुलांच्या शास्त्राच्या पुस्तकात सापडलं, पण इतकं मजेत नाही. तीन गोळे आणि इस्त्री एकदम लावली की तार जाते. गोळे मालवून नुसती इस्त्री लावली की राहते. ती तार मुद्दामच कच्ची केलेली असते, कथिल-शिशाची, चटकन वितळणारी. जिनवाल्यांनी घराला जेवढी वीज द्यायची ठरवली होती तेवढीच तिला सोसायची. त्याहून जास्त वीज धावायला लागली की भिंतीवरच्या तारा तापायला सुरुवात होते, पण त्या जळायच्या आधी ही कच्ची तार वितळते, वाट तुटते आणि वीज थांबते. दिवे जातात, बाकी घर शाबूत राहतं. तुम्ही तिला नाव दिलं होतं, "मरायसाठीच ठिवल्याली तार." म्हणताना तुमचा आवाज जरा मऊ झाला होता, जणू तुम्हाला तिची दया आली होती.

मामंजींना मात्र हा सगळा बायकांचा खेळ वाटला. माझं सोलापूरला जाणं तुम्ही रोखलंत ते तुमच्या शब्दावर. "ती हितंच ऱ्हाईल. लग्नात काय कमीजास्त झालं तर मला इचारा." मामंजींनी खांदे उडवले आणि म्हणाले, "इचारीन." म्हणजे आता लग्नात दिवे गेले तर माझं नाव जाणारच, शिवाय तुमचा शब्दही जाणार. रोज संध्याकाळी वीज आली की मी गोळ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायची.

मग मांडव उभा राहिला. मामंजींनी जिनमधून गोळे उसने आणून मांडवभर टांगले. तार मात्र घरातलीच पुढे ओढली, माजघरातून दारावरून, लाकडी पट्टीत बसवून, मांडवाच्या छताच्या कापडाखालून. आदल्या संध्याकाळी लावून बघितलं तर फ्यूज गेला. तार बदलली, पुन्हा गेला. मिस्त्री इंजिनाचा एक भाग आणायला सोलापूरला गेलेला. मामंजी लाल झाले. "ही फुटक्या कथलाची तार! माज्या लेकीच्या लग्नात असला भिकार माल?" आणि त्यांना जे सुचलं ते फक्त त्यांनाच सुचू शकत होतं. सोनाराला बोलावलं, त्याच्याकडून जंत्रीतून, म्हणजे त्याच्या भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून, चांदीची जाड तार ओढून घेतली, आणि फ्यूजमध्ये कथलाच्या जागी चांदी बसवली. सोनार म्हणाला, "सावकार, असली तार निजामसरकारच्या म्हालातबी नसंल." बायकांनी काळ्या पेटीला हळदकुंकू लावलं. खटका दाबला, आणि मांडव असा उजळला की रस्त्यावरून जाणारे लोक थांबले. मामंजी मिशीवरून हात फिरवत होते. तुम्ही हळूच विचारलंत, "पण ही जळली न्हाय, तर मंग काय जळंल?"

"शुभ बोल की जरा," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरपक्ष आला. सनई, फेटे, अत्तर, गव्हाच्या गोड हुग्गीचा वास. लग्न लावणारे स्वामी मांडवात बसले. दिवे लागल्यावर लातूरच्या बायकांनी माना वर करून "अगं बाई" म्हटलं ते मी आतून ऐकलं आणि मलासुद्धा मामंजींचा अभिमान वाटला. तुम्ही मला माजघरात अक्षतांच्या ताटांपाशी बसवलं होतं. मांडवात नको, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. मी अक्षता वाटीत भरत होते आणि नाकाला वास आला. हुग्गीचा नाही, अत्तराचा नाही. जळक्या रबराचा. मी उठून दारावरच्या लाकडी पट्टीला हात लावला आणि झटकन काढला. तव्यासारखी तापली होती. जिथे घरातल्या तारेला मांडवाची तार जोडली होती तिथे पट्टी काळी पडत चालली होती, आणि बोटभर वर मांडवाचं कापड, त्याला लागून कागदी पताका, आणि खाली तुमची लेक पाटावर.

तो क्षण मला अजून मोठा वाटतो. ओरडावं तर सनई वाजते आहे. धावत मांडवात जावं तर वेळ जातो. आणि फ्यूज काढावा तर नेमक्या अक्षतांच्या वेळी, व्याह्यांच्या देखत, काळोख करणारी मी. पुढचं सगळं मला दिसत होतं, सोलापूरचा रस्तासुद्धा. पण तुमचा प्रश्न कानात होता. काय जळंल? मोठा खटका त्या घाईत सुचलाच नाही; मी हाताला पदर गुंडाळला, पेटी उघडली आणि फ्यूज जोर लावून उपसला. निळी ठिणगी उडाली आणि सगळं अंधारलं.

सनई अर्ध्या सुरावर थांबली. मांडवात आधी शांतता, मग कुजबुज, आणि मग मामंजींचा आवाज, त्यांच्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात कडवा. "सून कुटंय? आदीच धाडा म्हणलं हुतं तिला!"

मी पेटीपाशी उभी, हातात तापलेला फ्यूज. आणि अंधारात बांगड्या वाजल्या. तुम्ही अक्षतांचं ताट न्यायला आत आला होतात, की तुम्हालाही वास आला होता, ते मला कधी कळलं नाही. तुमचा हात माझ्या खांद्यावर आला, खांद्यावरून कोपरावर, कोपरावरून मुठीपर्यंत. तुम्ही माझी बोटं एकेक करून उघडलीत आणि फ्यूज काढून घेतलात. मग मला धरून अक्षतांच्या ताटामागे खाली बसवलंत, आणि दारात जाऊन उभ्या राहिलात. तेवढ्यात काकी समई घेऊन आल्या, आणि सगळ्या मांडवाला दिसलं ते हे, की वधूची आई दारात उभी आहे आणि तिच्या हातात चिनी मातीचा फ्यूज आहे.

"म्या काढला," तुम्ही म्हणालात. "माज्या हातानं. सुनंला कशाला हाक मारायलाव? ती बसलीया अक्षता भरत."

"काहून?" मामंजींना एवढंच बोलता आलं.

"हिकडं या. हात लावा ह्या पट्टीला."

मामंजींनी हात लावला आणि लहान मुलासारखे ओरडले. कुणीतरी कापड बाजूला केलं, समई वर धरली, तर पट्टी हातभर कोळशासारखी झालेली आणि छताच्या कापडाला तपकिरी डाग पडलेला. आणखी थोडा वेळ गेला असता तर, हे वाक्य कुणीच पुरं केलं नाही. व्याहीबुवांनी डोक्यावरचा फेटा नीट केला आणि म्हणाले, "इहीणबाई, तुमी आज आमचं पोरगं बी वाचिवलं आन् तुमची पोर बी." स्वामी शांतपणे म्हणाले, "उजेड तेलाचा असो का विजेचा, मुहूर्त जातोय." मग काय सांगू! आळीतली प्रत्येक बाई घरी पळाली आणि समई, निरांजन, पणती, जे असेल ते घेऊन आली. करडईच्या तेलाच्या त्या पिवळ्या उजेडात अक्षता पडल्या, आणि आपल्या वन्सं विजेत दिसत होत्या त्याहून कितीतरी देखण्या दिसल्या. लातूरच्या बायका पुढे वर्षानुवर्षं सांगायच्या, असं लग्न बघितलं नाही. मामंजींनी त्या चांदीच्या तारेचं सोनाराकडून कानकोरणं करून घेतलं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी पाठराखीण म्हणून नवरीबरोबर कोण जाणार, यावर बायका बोलत होत्या. त्या मानाला चांगल्या पायाची सवाष्ण लागते. तुम्ही कुणालाही न विचारता माझी ओटी भरलीत आणि मला गाडीत बसवलंत. मामंजी पुढे आले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी गाडीत माझ्या पायाखाली घोंगडी सारली आणि म्हणाले, "खड्डे लई हाईत. संभाळून ऱ्हा, सूनबाई." एवढंच. पण त्या दिवसानंतर माझ्या पायांकडे त्या घरात कुणी बघितलं ते फक्त जोडवी सैल झाली का हे बघायला.

मी परत आल्यावर एकदा चुलीपाशी धीर करून विषय काढला होता. "आत्याबाई, त्या दिवशी फ्यूज..." तुम्ही मान वर केली नाहीत. "साकु," म्हणालात, तुमच्या कानडीत. पुरे. "हुग्गी ढवळ. खाली लागंल." मग राज्य बदललं, जिन बंद पडली, सरकारी खांब आले, घरोघरी मीटर बसले. तुम्ही म्हाताऱ्या झालात, आणि एका दुपारी जेवून, हात धुऊन, जरा पडते म्हणून आडव्या झालात त्या उठला नाहीत. शेवटपर्यंत लोक सांगत राहिले की या बाईने लेकीच्या लग्नात स्वतःच्या हाताने वीज काढली, आणि तुम्ही दर वेळी मान डोलावून कौतुक करून घेत राहिलात. मला त्याचं किती हसू यायचं! आणि किती भरून यायचं, तेही आज लिहून टाकते.

आता आजची गोष्ट. नातवाचं लग्न होऊन महिना झाला. पोरगी पुण्याची, संगणकावर काम करते, माझ्याशी "आजी, तुम्ही ना" असं बोलते. आज सकाळी घरात पाहुणे होते. तिने गीझर चालू ठेवून स्वयंपाकघरात ओव्हन लावला, तिकडे बाहेर पाण्याची मोटार चालू, आणि घरातली सगळी वीज गेली. आता फ्यूज नसतो, एक काळं बटन खाली पडतं, ते वर केलं की झालं. पण पाहुण्यांसमोर वीज गेली तशी ती पोर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या ओठांवर "सॉरी" आलेलं मला दिसलं. तिच्या सासूने मान वळवली होती. आत्याबाई, मी पलंगावर बसले होते. गुडघ्यांवर शाल, हातात जपमाळ, स्वयंपाकघर तिकडे, बटन तिसरीकडे. आणि मी मोठ्यांदा म्हणाले, "मी घालवली गं! माझ्या हातनं गेली!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगी क्षणभर बघत राहिली आणि मग खो खो हसत सुटली. "आजी, तुम्ही तर पलंगावरून उठलासुद्धा नाहीत!" तिची सासूही हसली, पाहुणेही हसले. कुणीतरी बटन वर केलं.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तुमची थाप पाऊणशे वर्षं टिकली आहे, ती माझ्या हातून कशाला फोडू? लिहून झालं की फाडून टाकीन. माझी थाप मात्र एका मिनिटात पकडली गेली, एवढं कबूल करते. तुमच्यासारखी सफाई मला आली नाही. पण त्या पोरीचा चेहरा उतरायच्या आत मी बोलले होते.